धुक्यातली मोजणी

जून लागला की इथे कॅनडात, व्हिटबीत, आमच्या गल्लीला बागकामाचा झटका येतो. गॅरेजं उघडतात, विंटर टायर एकदाचे बेसमेंटमध्ये जातात आणि शेजारीण टोमॅटोची रोपं घेऊन दारात उभी राहते. मी तिला हो हो म्हणते आणि तिच्या खांद्यावरून समुद्राएवढ्या तळ्याकडे बघत राहते. पाणी अजून हिवाळ्याइतकंच गार असतं आणि वरची हवा तापायला लागलेली असते. अशा दिवसांत एखाद्या सकाळी धुकं उठतं आणि रस्त्यापर्यंत येऊन ठेपतं. आधी पाण्याकाठचे बाक जातात, मग कोपऱ्यावरची बसस्टॉपची पाटी, मग समोरच्यांची गाडी. आज सकाळी ते आमच्या पायरीपर्यंत आलं होतं.

धुकं आलं की वडिलांची आठवण येते, असं लिहिलं तर छान वाटेल. पण छान वाटण्यासारखं त्यात काही नाही. धुकं आलं की मी उगाचच घरातली माणसं मोजते. आता मोजायला तरी कितीशी आहेत? नवरा, मी आणि आमची तमार, जी सतरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत खांदे उडवते.

पाच वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती बारा वर्षांची होती आणि पप्पा आमच्याकडे आलेले होते.

पप्पा अलिबागचे. मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला. साखळी, टेप आणि नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांनी अर्धा जिल्हा पायी तुडवला आणि भावाभावांच्या भांडणात हद्दीचे दगड बसवले. दगडाच्या बाबतीत ते फार कडक होते. "माणसं शपथेवर खोटं बोलतात बाय, पण दगड जागेवर असला तर त्याला खोटं बोलता येत नाही," असं ते मला सांगत आणि वरच्या साहेबांनाही ऐकवत. रात्रीतून हद्दीचा दगड सरकवणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्याहून बरा नव्हता. आमच्या धर्मातही ते पाप मानलं आहे, पण पप्पांना त्यासाठी धर्माची गरज नव्हती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट आहे. मूठभर जगले. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, ती तिथेच पुरली. लहानपणी पप्पा आम्हाला नवगावला न्यायचे. जिथे त्या कबरी असल्याचं सांगतात तिथे एकही नाव नव्हतं. पप्पा खाली वाकून एक एक खडा ठेवायचे, कारण आपण कबरीवर फूल नाही ठेवत, दगड ठेवतो. कुणीतरी येऊन गेलं एवढंच त्या दगडाने मेलेल्याला कळवायचं असतं.

आई गेली तेव्हा सात दिवसांचं सुतक संपल्याबरोबर पप्पा टेप घेऊन कबरस्तानात गेले. आईच्या उजव्या हाताला त्यांनी आपली जागा मोजली आणि पायथ्याच्या दोन कोपऱ्यांना दोन दगड पक्के बसवून आले. माझा धाकटा भाऊ रूबेन तेव्हा सोबत होता. घरी येऊन पप्पांनी हात धुतले, चहा घेतला आणि म्हणाले, "झालं. आता भांडण नाही." त्यांचं ते असं असायचं.

दोन वर्षांनी मी त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. ते आनंदात होते असं नाही म्हणणार मी, पण कुरकुर नव्हती. कुरकुर फक्त एका बाबतीत होती. रोज सकाळी तळ्यावर फिरून यायचे आणि बूट काढता काढता म्हणायचे, "वास नाही, खार नाही, भरती नाही, ओहोटी नाही. याला समुद्र म्हणू नका रे बाबांनो." तेव्हा म्हटलं, चला, यांना खरा समुद्र दाखवू. नवऱ्याला सुटी नव्हती. तो कमरेला ब्लॅकबेरी लावून आम्हाला एअरपोर्टवर सोडून गेला, आणि मी, पप्पा आणि तमार असे तिघे न्यूफाउंडलंडला निघालो. नकाशावर बघा, कॅनडा जिथे संपतो तिथे ते बेट आहे.

चार दिवस गेलो होतो आणि चारही दिवस धुकं होतं. हॉटेलची बाई म्हणाली की जूनमध्ये असंच असतं, किनाऱ्याला केपलिन लागायचे दिवस ना हे. केपलिन म्हणजे बोटाएवढी चांदीसारखी मासळी. अंडी घालायला ती लाटेबरोबर वाळूवर येते आणि पुढच्या लाटेने परत जाते. सगळी जात नाही. आम्ही गेलो तेव्हा पुळणीवर मासळीचा जाड थर होता, त्यातली बरीच अजून तडफडत होती, आणि गावची माणसं बादल्या भरत होती. पप्पा क्षणभर खूष झाले. "अगं, ही तर मांदेली!" म्हणाले. मग लाट आली, गेली, पायाखाली काहीतरी चिरडलं, आणि ते मागे सरकले. धुक्यात कुठेतरी भोंगा वाजत होता. बोटींना खडक कळावेत म्हणून तो ठरावीक वेळाने वाजतो. एकदा त्याची सवय झाली की दोन भोंग्यांमधली शांतताच जास्त ऐकू येते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं. मधला वेळ घालवायचा म्हणून हॉटेलमधलं एक पत्रक बघून मी गाडी काढली. इंग्रजांनी चारशे वर्षांपूर्वी वसवलेलं एक प्लांटेशन, आता ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलेलं. प्लांटेशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चहाचे मळे, टोप्या घातलेले साहेब आणि पांढरा बंगला. गेलो तर एक लाकडी केबिन, त्यामागे समुद्राकडे उतरणारं गवत आणि गवतात उत्खनन करणाऱ्यांनी दोऱ्या बांधून चौकोन पाडलेले खड्डे. त्या खड्ड्यांतून भिंतींचे पाये वर आले होते. बंगला नाही, मळा नाही, झाडही नाही.

गाइड होती पन्नाशीची ब्रेंडा. त्याच गावची, बाप आणि आजा मासेमारीतले. सगळ्यांना "माय लव्ह" म्हणायची. मी विचारलं, "व्हॉट डिड दे प्लांट हिअर?"

"पीपल, माय लव्ह," ती म्हणाली. "दे प्लांटेड पीपल."

एखाद्या साहेबाला राजाची सनद मिळे, मग तो जहाज भरून माणसं पाठवी. सुतार, गवंडी, कोळी, पुढच्या खेपेला बायका. त्यांनी इथे रुजायचं, कॉड मासा पकडून सुकवायचा आणि तिकडे पाठवायचा. मी पप्पांना मराठीतून सांगितलं. ते हसले आणि ब्रेंडाला त्यांच्या मोजणी खात्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "अँड मॅडम, दे ग्रू?"

"सम डिड," ती म्हणाली.

मग तिने पहिल्या हिवाळ्यांबद्दल सांगितलं. हिरड्या सुजून दात गळायचे, पाय काळे पडायचे, अंथरुणावरून उठता यायचं नाही. जमीन लोखंडासारखी गोठलेली, त्यामुळे मेलेल्याला पुरायला वसंताची वाट बघायची. त्या बेटावर आधीपासून राहणारे जे लोक होते त्यांना या आलेल्यांनी किनाऱ्यावरून मागे रेटलं, मासळीपासून तोडलं, आणि आज त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही. हे सांगताना ब्रेंडाचा आवाज बदलला नाही. ती उन्हाळाभर रोज तेच सांगत असणार. तमार आयपॉडची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॉम, दिस प्लेस इज क्रीपी." मी तिला गप्प केलं, पण मलाही तिथे बरं वाटत नव्हतं.

उताराच्या शेवटी त्यांचं कबरस्तान होतं. गुडघाभर उंचीच्या काळ्या पाटीच्या दगडाच्या फरश्या, उभ्या रोवलेल्या, काही कललेल्या. एकीवरही अक्षर नाही. धुक्यात त्या आधी दिसल्या तेव्हा मला वाटलं, माणसं बसली आहेत. पप्पांचा चेहरा एकदम बदलला. ते दोरीच्या कडेने पावलं टाकत गेले, वळले, परत आले. मला ती चाल माहीत होती. ते मोजत होते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "हिला सांग, ही रांग इथे संपत नाही. जमीन बघ कशी दबल्यासारखी आहे. पुढे आहेत अजून. आपण उभे आहोत ना, तिथेही आहेत."

मी ब्रेंडाला सांगितलं. ती पप्पांकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली की खोदणारेही तसंच म्हणतात. मी नकळत पाय उचलला. उचललेला पाय ठेवायचा कुठे हे मला कळेना. भोंगा वाजला. तमार दोन पावलं पुढे गेली होती तर ती दिसेनाशी झाली आणि मी इतक्या जोरात ओरडले की केबिनजवळचा कुत्रा भुंकायला लागला.

तमारला हाताला धरून वळले तेव्हा पप्पा एका फरशीपुढे वाकलेले होते. फरशीच्या माथ्यावर त्यांनी एक दगड ठेवला होता. नवगावला ठेवायचे तसाच. आसपास सगळं गवत, खडा सापडेना, म्हणून शेजारच्या खड्ड्याच्या काठावरून त्यांनी तो उचलला होता. मोतीबिंदूचे डोळे, त्यात धुकं. दोरी त्यांनी ओलांडली होती हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

ब्रेंडा धावत आली नाही. हळूच आली आणि फार मायेने बोलली, तेच वाईट झालं. "सर, माय लव्ह, त्या चौकोनातला एकही दगड हलवू नका. तो जिथे पडला होता, तिथूनच आम्हाला कळतं भिंत कुठे होती, दार कुठे होतं. एकदा हलला की मग तो नुसता दगड."

मला मराठीत सांगायची गरज पडली नाही. पप्पा पांढरेफटक पडले. त्यांनी तो दगड परत उचलला, "सॉरी मॅडम, सॉरी" करत खड्ड्याकडे गेले. आमच्याबरोबर फिरणारी इतर माणसं ब्रेंडाला काहीतरी विचारायला लागली. मी तमारच्या जॅकेटची चेन लावत होते. पप्पा दोरीपाशी पाठमोरे उभे होते, बराच वेळ. आत तसल्याच दगडांचा सडा पडलेला. मग ते वळले आणि म्हणाले, "चल."

"ठेवला ना?" मी विचारलं.

"चल बाय," ते म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर मूसपासून सावध राहा अशा पाट्या होत्या. हरणाच्या जातीचं ते धूड धुक्यातून सरळ गाडीवर येतं म्हणतात. मी स्टीअरिंग घट्ट धरून नाक काचेला लावल्यासारखी चालवत होते. जीपीएसमधली बाई चुकीच्या वळणावर वळायला सांगत होती. वीसेक मिनिटांनी पप्पा म्हणाले, "गाडी मागे घे. माझं एक काम राहिलं."

"काय राहिलं?"

ते मान वळवून मागच्या काचेतून बघत होते.

"पप्पा, विमान आहे. वॉशरूमला जायचं असेल तर पुढे पंप आहे."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाय, मला इथे ठेवू नकोस हं. काही झालं तरी. तुझ्या आईशेजारी माझी जागा मोजलेली आहे."

"काय भलतंसलतं बोलताय!"

"हो म्हण."

"हो. हो म्हटलं ना! आता थोडा वेळ गप्प बसा बघू, मला रस्ता दिसत नाहीये."

ते गप्प बसले. एअरपोर्ट येईपर्यंत त्यांचा उजवा हात विंडचीटरच्या खिशात होता. मला वाटलं, थंडी वाजतेय.

ऑक्टोबरात त्यांचं परतीचं तिकीट होतं. सप्टेंबरात खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास आत्ता नको. मी व्हिसाच्या एक्स्टेन्शनला अप्लाय केलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांनी "नको" म्हटल्यावर मला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. घरात संध्याकाळी मराठीत कुणीतरी बोलत होतं, तमारला त्रिकोण काढायला शिकवत होतं. मला ते हवं होतं. बर्फ पडायला लागला तसे पप्पा खिडकीत बसायला लागले. नवरा ड्राइव्हवे शोव्हल करायचा आणि पप्पा विचारायचे, "जमीन किती खोलपर्यंत गोठते रे?" नवरा फुटांत सांगायचा. ते मान हलवायचे. दोनदा त्यांनी मला विचारलं, "त्या गावाला परत जाता येईल का गं?" मला वाटलं, समुद्र आवडला. म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ.

जानेवारीच्या शेवटी ते गेले. न्यूमोनिया. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. देह टिकावा म्हणून त्यात औषधं भरणं पप्पांना चाललं नसतं, आणि त्याशिवाय विमान नेत नाही. त्यात बर्फाचं वादळ, फ्लाइट्स बंद, कागदपत्रांचं ऑफिस बंद. कॉलिंग कार्डावरून मी रूबेनला फोन लावला. आवाज मागेपुढे होत होता. मी म्हटलं, "मी त्यांना हो म्हटलंय रे."

तो म्हणाला, "ताई, त्यांना ताटकळत ठेवू नका. तिथेच करा."

मातीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले निम्मे वादळात अडकलेले. शेवटी प्रार्थनेच्या मंडळातले चार अनोळखी म्हातारे, रशियाकडचे, काठ्या टेकत आले. गोठलेली जमीन यंत्राने आधीच फोडून ठेवली होती. मातीची ढेकळं फावड्याला दाद देत नव्हती. पेटीवर पडताना त्यांचा जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही.

सात दिवस बसले आणि आठव्या दिवशी त्यांचे कपडे आवरायला घेतले. विंडचीटरच्या उजव्या खिशात रुमालाची घट्ट पुरचुंडी होती. सोडली तर आत दगड. तळहाताएवढा, काळा, एका कडेला अजून चिकटलेली माती. त्याभोवती तिथून परतलो त्या दिवसाचा बोर्डिंग पास गुंडाळलेला, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलने काढलेला नकाशा. वर उत्तरेचा बाण. केबिन, दोरी, फरश्यांची रांग, खड्ड्याचे चार कोपरे, प्रत्येक अंतर पावलांत. खड्ड्याच्या काठावर तीन ठिकाणी फुली मारली होती आणि तिन्ही फुल्या खोडल्या होत्या. पेन्सिलचे रंग वेगवेगळे. म्हणजे ते विमानात एकदा काढून थांबले नव्हते. खिडकीत बसून महिनोन्‌महिने मोजत होते, की हा दगड मी नेमका कुठून उचलला.

जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी राखलेला माणूस, आणि त्याच्या हातून दगड हलला. कुणाच्या घराचा, कुणाच्या दाराचा, माहीत नाही. ते लेकीलाही सांगायची त्यांना लाज वाटली. आणि लेकीने गाडी मागे घेतली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी एकटी गेले. तेच धुकं, तोच भोंगा, पुळणीवर तीच मरती मासळी. ब्रेंडाने मला ओळखलं. मी पुरचुंडी उघडली आणि नकाशा तिच्यासमोर पसरला. मराठी आकडे मी वाचून दाखवले. तिने तो दोन्ही हातांनी धरला, खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "ही न्यू हिज वर्क, युअर फादर." मग मला उतारावर घेऊन गेली. खड्डा नव्हता. खोदकाम झालं की माती परत लोटून वर गवत लावतात, म्हणाली, नाहीतर पाया हिवाळ्यात फुटतो. कोवळं हिरवं गवत होतं. आम्ही दोघींनी केबिनपासून पावलं मोजली, एकदा माझी, एकदा तिची, मग पुन्हा माझी. तीन वेगळ्या जागा निघाल्या.

"माझ्याकडे दे," ती म्हणाली. "खोदणाऱ्यांना देईन. ते खोक्यात ठेवतील. वर चिठ्ठी लावतात तशा दगडांना. जागा माहीत नाही, अशी."

मी दगड पुढे केला होता. तिचा हातही पुढे आला होता. तेवढ्यात माझी बोटं मिटली. चूक होती, तेव्हाही कळत होतं. तो माझा नव्हता, पप्पांचाही नव्हता. पण त्या चिठ्ठीखाली मला तो ठेववेना. ब्रेंडाने माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं आणि आपला हात मागे घेतला. कुणीतरी हाक मारली तशी ती गेली.

अलिबागला आईच्या उजव्या हाताची जागा अजून रिकामी आहे. रूबेन दर पावसाळ्यानंतर तिथलं गवत काढतो. दोन्ही दगड जागेवर आहेत, असं तो न विचारता सांगतो.

आज दुपारी धुकं ओसरलं नाही तरी तमारला घेऊन मी इथल्या कबरस्तानात गेले. ती आता गाडी चालवते. तिने शेजारी बसलेल्या मला गप्प राहायला सांगितलं, कारण तिला रस्ता दिसत नव्हता, आणि मी गप्प बसले. आत शिरलो तर रांगा दहा पावलांच्या पुढे पुसलेल्या. पप्पांची फरशी शोधायला आम्हाला वेळ लागला. माथ्यावर गेल्या वर्षीचे आमचे खडे होते, तळ्यावरून आणलेले, गुळगुळीत, करडे. तमारने खिशातून नवा काढून ठेवला. मी पर्समधून रुमाल काढला. इतकी वर्षं तो दगड मी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. माती अजून चिकटलेली होती.

"इज दॅट द वन?" तमारने विचारलं. तिला तो दिवस आठवत होता हे मला माहीत नव्हतं.

मी तो सगळ्या खड्यांच्या मधोमध ठेवला. हात मागे घ्यायला थोडा वेळ लागला.

"पप्पा," मी म्हटलं, "तुमचा दगड आणलाय. जागा मलाही सापडली नाही."